वाड्याचा चौक तैलरंगात: डेल्फ्टच्या चित्रकारांची रीत

साताऱ्याच्या पेठांतून आणि वाईच्या आळ्यांतून जे वाडे अजून उभे आहेत, त्यांची चित्रं बहुतेक रस्त्यावरून काढलेली असतात. दिंडी दरवाजा, वरचा सज्जा, बाजूला उभी केलेली सायकल, झालं. आतल्या चौकाच्या वाटेला फार थोडे जण जातात. आतला उजेडच तसा अडचणीचा असतो. चौकात लख्ख, सोप्यात (चौकाभोवतीच्या ओसरीत) अंधुक, माजघरात काळोख, आणि काळोखाच्या पलीकडे परसाच्या दारातून पुन्हा उजेड. सगळंच नीट दिसावं म्हणून चित्रकार सगळंच सारखं उजळून टाकतो आणि वाड्याचा वाडेपणा जातो.

हाच पेच सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या चित्रकारांनी सोडवला होता. त्यातला मुख्य माणूस पीटर द होख. रॉटरडॅममध्ये १६२९ साली जन्मलेला, बाप गवंडी, आई सुईण. डेल्फ्टमध्ये असताना, म्हणजे साधारण १६५०च्या दशकात, त्याने घरामागची विटांची अंगणं, दारातून दिसणारं दुसरं दार, त्या दारातून दिसणारी गल्ली, असं रंगवलं. दुसरा योहानेस व्हर्मीर (१६३२ ते १६७५), जन्मापासून मरेपर्यंत डेल्फ्टकर. दोघांनी रंगवलेल्या गोष्टी साध्याच आहेत: झाडू, बादली, चुन्याची भिंत, दूध ओतणारी मोलकरीण. पण चित्रात कुठे किती उजेड ठेवायचा याचा हिशोब पक्का. तो हिशोब वाड्याच्या चौकाला चपखल बसतो, कारण आपला चौक हाही चहूबाजूंनी बांधलेला आणि वरून उघडा.

इथे २४ बाय ३० इंची उभा कॅनव्हास धरला आहे. बाजारात हे माप तयार मिळतं, आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं होखचं ‘डेल्फ्टमधल्या एका घराचं अंगण’ (१६५८) जवळजवळ याच मापाचं आहे: ७३.५ बाय ६० सेंटिमीटर. त्यामुळे त्याची मांडणी समोर ठेवून आपली तपासणं सोपं जातं.

जागा आणि वेळ

वाड्यात शिरल्यावर आधी खांबांची नक्षी बघू नका. चारही सोप्यांत एकेकदा उभं राहा आणि फक्त दारं बघा. जिथून एकामागे एक तीन उजेड दिसतात ती जागा आपली. बहुतेक वाड्यांत अशा दोनच जागा निघतात: मागच्या सोप्यातून चौक ओलांडून देवडी (दिंडी दरवाज्याच्या आतली जागा) आणि तिच्यापलीकडे गल्ली, किंवा पुढच्या सोप्यातून चौक, माजघर आणि त्यापलीकडे परस. पहिली सोपी आहे. दुसरीत मधला काळोख जास्त, म्हणून ती अवघड, पण चित्र जास्त खोल होतं.

वेळेचं गणित मात्र डेल्फ्टहून उसनं घेता येत नाही. डेल्फ्ट ५२ अंश उत्तरेला. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंश वर येतो आणि जूनमध्येही ६१च्या पुढे जात नाही. सातारा साधारण १७.७ अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, चौकात खांबाला सावलीच उरत नाही. त्या दिवसांत ऊन असेल तर दुपारी चित्र काढायला बसण्यात अर्थ नाही. डिसेंबरात दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो. दक्षिणेकडची बाजू पागोळीपर्यंत १२ फूट असेल, तर तिची सावली सव्वादहा-साडेदहा फुटांची पडते. चौक १५ फुटांचा असला, तर उत्तरेकडच्या जोत्याला लागून चार-साडेचार फुटांचा उन्हाचा पट्टा उरतो. एवढाच पट्टा हवा, जास्त नको.

थोडक्यात, दोन हंगाम चांगले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा, किंवा आषाढ-श्रावणात आभाळ झाकोळलेलं असताना दिवसभर. पावसाळ्यातल्या त्या उजेडाला ठळक सावल्या नसतात आणि डेल्फ्टच्या चित्रांतल्या मऊ उजेडाच्या तो सगळ्यात जवळ जातो. मात्र त्या दिवसांत तैलरंग वाळता वाळत नाही, ते पुढे येईलच.

एका बैठकीला दोन तास पुष्कळ झाले. त्यानंतर ऊन हललेलं असतं आणि आपण नकळत दोन वेगळ्या वेळा एकाच चित्रात भरत जातो.

मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात बसायचं असेल तर परवानगी आधी घ्या आणि तिथे त्या दिवशी शूटिंग नाही ना, हे विचारून जा. राहत्या वाड्यात बसायचं तर घरच्यांची वर्दळ कधी असते ते विचारून घ्या. पाणी भरायच्या वेळी चौकात इझल लावणं कोणालाच परवडत नाही.

मोबाइलवर फोटो घेताना

फोटोवरून काम करायला हरकत नाही, पण मोबाइलची नेहमीची लेन्स बरीच रुंद बघते. जवळचा खांब अवाढव्य होतो, देवडी बारकीशी लांब जाते. दुप्पट झूम लावून मागे सरका. फोन वर किंवा खाली कलता कामा नये, कललात की खांब एकमेकांकडे झुकतात. होख आणि व्हर्मीर दोघांकडेही उभ्या रेषा काटकोनात उभ्याच असतात. दोन फोटो घ्या: एक गल्लीच्या उजेडावर बोट ठेवून, दुसरा सोप्याच्या अंधारावर. एकाच फोटोत एकतर गल्ली पांढरीफटक होते, नाहीतर सोपा काळाठिक्कर. डोळ्याला दोन्ही दिसतं, चित्रातही दोन्ही दिसायला हवं.

अस्तर

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात करू नका. पांढऱ्यावर पहिला लावलेला प्रत्येक रंग गडद वाटतो, म्हणून हात फिका पडतो आणि शेवटी सगळं चित्र धुतल्यासारखं दिसतं. व्हर्मीरच्या बऱ्याच चित्रांखाली चॉक, शिशाचा पांढरा आणि अंबर यांचं करडं-तपकिरी अस्तर सापडलं आहे. आपण तयार प्राइम केलेल्या कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकचं अस्तर द्यायचं: पांढरा ४ भाग, रॉ अंबर २ भाग, यलो ऑकर १ भाग, पाणी घालून पातळ ताकाइतकं. रुंद ब्रशने आडवं, ते वाळलं की उभं. तासाभरात वाळतं, तरी रात्रभर ठेवा. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीही नाही. ते धरत नाही, पापुद्रे सुटतात.

अस्तराची छटा ऊन नसलेल्या शहाबादी फरशीइतकी हवी. शंका असेल तर थोडं गडदच ठेवा.

सूत मारणं

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला सगळेच शिकतात आणि पुढे विसरतात, कारण पट्टी लावून शंभर रेषा ओढायचा कंटाळा येतो. डेल्फ्टचे लोक दोरा वापरत. लोपबिंदूवर, म्हणजे खोल जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येतात तिथे, एक टाचणी ठोकायची, तिला दोरा बांधायचा, दोऱ्याला चॉक चोळायचा, दुसरं टोक हवं तिथे ताणून धरायचं आणि दोरा उचलून सोडायचा. कॅनव्हासवर रेघ उमटते. व्हर्मीरच्या डझनाहून जास्त चित्रांत आणि होखच्याही काही चित्रांत त्या टाचणीचं भोक अजून दिसतं. आपल्याकडचे गवंडी आणि सुतार हेच करतात, दोरा काव लावून ओला करतात एवढाच फरक. होखसारख्या गवंड्याच्या पोराला ही युक्ती कोणी वेगळी शिकवावी लागली नसेल.

ताणलेल्या कॅनव्हासवर टाचणी डगमगते. मागून, चौकट आणि कापड यांच्या मधल्या जागेत, लोपबिंदूच्या नेमकं मागे प्लायवूडचा लहान तुकडा सरकवा आणि टाचणी त्यात घुसू द्या. जाड खिळा नको, भोक बुजवताना त्रास होतो. दोरा शिवणाचा सुती घ्या. नायलॉनवर चॉक बसत नाही.

आता मापं. चौकाच्या पातळीत उभं राहून काम करत असाल तर डोळ्यांची उंची साधारण ५ फूट; सोप्यात उभे असाल तर जोत्याची उंची तीत मिळवा. चित्राच्या खालच्या कडेवर चौकाची १० फूट रुंदी येऊ द्या. २४ इंचांत १० फूट, म्हणजे एक फुटाला २.४ इंच. डोळा ५ फुटांवर, म्हणून नेत्ररेषा (डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ) खालच्या कडेपासून १२ इंचांवर. चित्राची खालची कड जिथे सुरू होते तिथून तुम्ही १५ फूट मागे उभे असायला हवं. यापेक्षा जवळ गेलात की कोपऱ्यातल्या फरश्या लांबट ओढल्यासारख्या दिसतात. लहान वाड्यात १५ फूट मिळवायला मागच्या सोप्यात आत सरकावं लागतं. मग पुढचा खांब आडवा येतो. तो चित्रात घ्यायचा असेल तर कडेला, पूर्ण गडद. नाहीतर सरळ वगळा.

लोपबिंदू मध्यावर ठेवू नका. दिंडी दरवाज्याच्या जरा बाजूला, चित्राच्या मध्यापासून तीन-चार इंच सरकवलेला बरा. मधोमध ठेवला की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि चित्राला देवळाच्या गाभाऱ्याचं रूप येतं.

फरशीसाठी अंतरबिंदू लागतो. तो नेत्ररेषेवरच, लोपबिंदूपासून तुमच्या अंतराइतका लांब: १५ फूट गुणिले २.४, म्हणजे ३६ इंच. हा कॅनव्हासच्या बाहेर पडतो. म्हणून कॅनव्हास मोठ्या प्लायवर किंवा भिंतीला टेकवून पक्का करा आणि नेत्ररेषेच्या पातळीत बाहेर खिळा मारा.

फरशी २ फुटी चौरस धरली, तर खालच्या कडेवर दर ४.८ इंचांवर खूण येते, पाच फरश्या बसतात. प्रत्येक खुणेपासून लोपबिंदूकडे सूत मारा. मग डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या अंतरबिंदूकडे एक तिरकं सूत मारा. हे तिरकं सूत लोपबिंदूकडे जाणाऱ्या रेषांना जिथे जिथे छेदतं, तिथून आडवी रेघ. या झाल्या फरशीच्या ओळी. तपासायला आकडे: खालच्या कडेपासून पहिली आडवी रेघ १.४ इंचांवर, मग २.५, ३.४, ४.२ आणि ४.८. तुमच्या रेघा यापासून पाव इंचाहून जास्त हलल्या असतील तर खिळा नेत्ररेषेवर नाही. पुढच्या ओळींसाठी शेवटच्या आडव्या रेघेच्या डाव्या टोकापासून पुन्हा त्याच अंतरबिंदूकडे सूत मारायचं.

जुन्या वाड्यांत बहुधा चौरस फरशी नसून ओबडधोबड काळे दगड बसवलेले असतात. तरी ही जाळी आखाच. दगड तिच्यावर बसवले की मागचे दगड आपोआप चपटे होतात. जाळीशिवाय काढलेली दगडी जमीन हमखास भिंतीसारखी उभी राहते.

आणि आहे तेच काढलं पाहिजे असं नाही. नॅशनल गॅलरीतल्या त्या अंगणातली कमान होखने १६५८ सालच्याच दुसऱ्या एका चित्रात पुन्हा वापरली आहे, भोवतालचा तपशील मात्र बदलला. कमानीवर जी कोरीव शिळा दिसते ती खरी आहे आणि अजून अस्तित्वात आहे. पण भोवतालचं बांधकाम त्याने चित्राला हवं तसं हलवून घेतलं. वाड्यात नंतर बसवलेली पाण्याची पीव्हीसी टाकी वगळायला कोणाची परवानगी लागत नाही.

रंगाआधी उजेड

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, पाच बाय चार इंचांत, फक्त काळा-पांढरा वापरून आराखडा करा. १ म्हणजे सगळ्यात उजळ, ९ म्हणजे सगळ्यात गडद, असे आकडे जागोजाग लिहा. देवडीतून गल्ली दिसणाऱ्या मांडणीला हा क्रम चालतो: गल्लीतली उन्हातली भिंत १, सावलीतल्या चौकाची फरशी ४, तिथली चुन्याची भिंत ३ ते ४, समोरच्या सोप्यातली भिंत ५ ते ६, जोत्याचा दगड ६, खांब ७, देवडीची आतली बाजू ८, आणि एखाद्या दाराआडचा काळोख ९.

नियम एकच: १ हा आकडा एकाच ठिकाणी, आणि तोही लहानशा जागेत. गल्लीत ऊन दाखवायचं असेल तर चौक सावलीत ठेवा. चौकात उन्हाचा पट्टा हवा असेल तर गल्ली ३ वर आणा. दोन्हीकडे ऊन ठेवलं की नजर कुठे जावी तेच कळत नाही आणि देवडीची खोली मरते. वर आभाळ दिसत असेल तर त्याची अगदी चिंचोळी पट्टी ठेवा, २ किंवा ३ वर. मोठं आभाळ घेतलंत तर खालचा चौक कितीही मेहनत करा, अंधारकोठडी वाटेल.

डोळा फसतो तो पांढऱ्या भिंतीवर. भिंत पांढरी आहे हे मनाला माहीत असतं म्हणून हात पांढरा उचलतो. प्रत्यक्षात सावलीतली चुन्याची भिंत उन्हातल्या काळ्या दगडाइतकीच, कधी त्याहूनही गडद असू शकते. डोळे अर्धे मिटून दोन्हींकडे आळीपाळीने बघा, किंवा फोनचा फोटो कृष्णधवल करून बघा.

रंग आणि तेल

कॅमलचे आर्टिस्ट ऑइल पुरेसे आहेत. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, लाइट रेड, व्हर्मिलियन ह्यू, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरिन, आयव्हरी ब्लॅक. एवढे दहा. डेल्फ्टवाले शिशाचा पांढरा वापरत, तो विषारी आहे, त्याच्या नादी लागू नका. टायटॅनियम त्याहून थंड आणि फार जोरदार असतो, म्हणून मिश्रणात तो निम्म्याने कमी घ्या आणि किंचित ऑकर घालून वापरा. झिंक व्हाइट टाळा, वाळल्यावर त्याचा थर ठिसूळ होतो. व्हर्मीरच्या चोळ्या-जाकिटांतला पिवळा शिसं आणि कथील मिळून केलेला होता, तो आता सहज मिळत नाही. लेमन यलोत थोडा पांढरा आणि तीळभर ऑकर घातला की काम भागतं.

पहिल्या थराला फक्त टर्पेंटाइन. दुसऱ्याला जवसाचं तेल १ भाग, टर्पेंटाइन २ भाग. शेवटच्याला निम्मं-निम्मं. वरचा थर खालच्यापेक्षा नेहमी तेलकट हवा. उलट झालं तर खालचा थर हळूहळू वाळताना वरचा आधीच कडक झालेला असतो आणि तडे जातात. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल वापरायची काटकसर करू नका, चिकट राहतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकणं धोक्याचं आहे. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पहिला थर बर्न्ट अंबर आणि पांढऱ्यात, रंगाशिवाय, आराखड्यातल्या आकड्यांप्रमाणे. अंबर लवकर वाळतो, हिवाळ्यात चार-पाच दिवस, पावसाळ्यात दोन आठवडे धरून चाला. काळा या थरात वापरू नका, तो सावकाश वाळतो.

भिंत, कोनाडा, दगड, वीट

व्हर्मीरच्या ‘दूध ओतणारी’ या चित्रातली मागची भिंत मोठी करून बघा. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर ती फुकट बघता येते. भिंतीवर एक खिळा आहे, त्याची सावली आहे, खिळे उपटल्याची भोकं आहेत. या क्षुल्लक गोष्टी नसत्या तर ती भिंत नुसता करडा पडदा झाली असती.

चुन्याच्या भिंतीला तीन मिश्रणं करून ठेवा. उजेडाकडची: पांढरा १० भाग, ऑकर १ भाग. मधली: पांढरा ८, रॉ अंबर २, अल्ट्रामरिन अगदी नखभर. जमिनीलगतची: मधल्यातच बर्न्ट सिएना अर्धा भाग, कारण सारवलेली जमीन किंवा तांबूस दगड खालून ऊब परतवतो. निळ्या-जांभळ्या सावल्या मुळीच नकोत. तो छापील कॅलेंडरांचा नाद आहे. तिन्ही मिश्रणं ओल्यात ओलं मिळवा, सीमा दिसू देऊ नका, पण गुळगुळीतही करू नका. चुना हाताने फासलेला असतो.

कोनाडा रंगवायला वेळ द्या, कारण नजर तिथे थांबते. आतला वरचा भाग सगळ्यात गडद, ८. मागची भिंत ७. खालची फळी मात्र आभाळाकडे तोंड करून असल्याने उजळ, ४ वर, आणि तिची पुढची कड एका बारीक रेघेने ३ वर. बहुतेक जण आतला भाग एकसारखा काळा भरतात. मग कोनाडा भोक वाटतो, जागा वाटत नाही. वर्षानुवर्षं पणती ठेवून वर काजळी चढलेली असते. ती वाळलेल्या भिंतीवर, कोरड्या ब्रशने, रॉ अंबर आणि अल्ट्रामरिन सारखं घेऊन, खालून वर ओढायची. कोनाड्याच्या कमानीलगत दाट, वर जाता जाता विरळ. डावी-उजवी बाजू समान करू नका, वाऱ्याने काजळी नेहमी एका अंगाला कलते. खालच्या फळीवरून तेलाचा ओघळ उतरलेला असतो. बर्न्ट अंबरात भरपूर तेल घालून पारदर्शक करा आणि एकाच फटक्यात वरून खाली आणा. दुसऱ्यांदा ब्रश लावलात तर ओघळ न दिसता पट्टा दिसेल.

जोत्याचा घडीव दगड काळा म्हणून काळ्याने रंगवू नका. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन मिळून जो राखाडी-काळा होतो त्यात पांढरा घालत ६ पर्यंत आणा. दगडाच्या वरच्या कडेला आभाळाचा थंड उजेड असतो, तिथे अल्ट्रामरिन जरा जास्त. उभ्या बाजूला अंबर जास्त. एवढ्या फरकाने पायरी पुढे येते.

विटांचं बांधकाम उघडं असेल तर एकेक वीट काढायच्या फंदात पडू नका. आधी लाइट रेड आणि रॉ अंबर यांचा एकच सपाट थर. तो वाळू द्या. मग चुन्याच्या सांध्यांच्या फिक्या रेघा, तुटक, काही जागी अजिबात नाहीत. नजरेच्या टप्प्यातल्या एखाद्या हातभर जागेत दहा-बारा विटा वेगवेगळ्या छटांच्या केल्या की बाकीची भिंत बघणारा स्वतःच भरून घेतो.

सागवानी दरवाज्याला बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन. खिळ्यांच्या फुल्यांवर एकेक ठिपका, सगळ्यांवर नाही, उजेडाच्या बाजूच्या तीन-चारांवरच. दरवाज्याची कड धारदार ठेवा आणि तिच्यापलीकडची गल्ली मऊ. गल्लीतल्या भिंतीला पांढऱ्यात ऑकर आणि लेमन यलोचा थेंब. रंग तिथे जाडसर लावा. पलीकडचा उजेड कोरा पांढरा झाला तर ते कागद फाटल्यासारखं दिसतं.

माणसं

माणसाची जागा पहिल्या थरातच राखून ठेवा. होख बरेचदा आधी घर पूर्ण करी आणि माणसं वरून बसवी. नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या ‘दोन पुरुषांसोबत पिणारी स्त्री’ या चित्रात आज मोलकरणीच्या घागऱ्यातून खालच्या फरशीच्या रेघा दिसतात. तेलाचा थर जुना होतो तसा पारदर्शक होत जातो आणि खालची ठळक जाळी वर येते. आयत्या वेळी माणूस घालायचाच झाला, तर तिथल्या रेघा पात्याने खरवडा, ५ च्या छटेचा दाट अपारदर्शक थर द्या, वाळू द्या आणि मग आकृती काढा.

उंचीचा हिशोब सोपा आहे. नेत्ररेषा ५ फुटांवर आहे, म्हणून चौकाच्या पातळीत उभ्या असलेल्या साधारण उंचीच्या कोणत्याही बाईचे डोळे नेत्ररेषेच्या आसपासच येतात, मग ती जवळ असो की देवडीत. सोप्यात उभी असेल तर जोत्याच्या उंचीइतकी वर चढेल. दीड फूट जोतं असताना तिचं डोकं नेत्ररेषेवरच ठेवलंत, तर ती जमिनीत रुतलेली दिसते. ही चूक वाड्यांच्या चित्रांत सर्रास आढळते.

कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस नको. हाताला काम द्या: सुपात तांदूळ निवडणं, वाती वळणं, सडा घालणं. राइक्सम्युझियममध्ये होखचं एक चित्र आहे, त्यात आई लेकराचं डोकं मांडीवर घेऊन उवा बघते आहे. सकाळच्या उन्हात सोप्याच्या पायरीवर हे दृश्य आपल्याकडे कोणालाही नवं नाही. देवडीत पाठमोरी बाई उभी केली तर ती छायाकृतीच ठेवा. नाकडोळे काढायला जागा नसते आणि गरजही नसते.

जोरदार रंग एकच. लुगडं लाल असेल तर तोच लाल दूर कुठेतरी नखाएवढा पुन्हा ठेवा, गल्लीतल्या दाराच्या पट्टीवर किंवा दांडीवरच्या कपड्यावर. हिरवा, निळा, पिवळा सगळे जोरात आणले की चौकाची बाजारपेठ होते.

वाळवणं, वार्निश, टांगणं

टाचणी काढल्यावर भोकात पांढरा आणि अंबर भरून वरून भोवतालची छटा लावा. काही गडद भाग वाळल्यावर मरगळलेले, निस्तेज दिसतील. अंबर तेल शोषून घेतो म्हणून असं होतं. त्यावर आणखी गडद रंग चढवू नका. आधी रिटचिंग वार्निशचा पातळ हात द्या, मग खरी छटा दिसेल आणि पुन्हा रंगवायची गरज आहे की नाही ते कळेल.

शेवटचं वार्निश सहा महिन्यांनी, जाड थर असतील तर वर्षाने. दिवस कोरडा हवा, डिसेंबर ते मार्च उत्तम. पावसाळी दमट हवेत लावलेलं वार्निश धुरकट होतं आणि ते धुकं मग सहज हटत नाही. साताऱ्याच्या पावसात भिंती ओल धरतात, त्यामुळे चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका.

जुने तैलरंग जवळून बघायचे असतील तर औंधचं भवानी वस्तुसंग्रहालय साताऱ्याहून एका दिवसात होतं. तिथे चित्रासमोर नव्हे तर त्याच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून उभं राहा. तिरप्या उजेडात रंग कुठे जाड आहे, कुठे अस्तरच उघडं सोडलं आहे, हे दिसतं.